विनियोजन विधेयकावरील मतदान वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

मार्च महिन्यात सरकारी तिजोरीतून खर्चाची परवानगी देणारे विनियोजन विधेयक आले की ‘अमुक खासदाराने अर्थसंकल्पाविरोधात मत दिले’ अशा वाक्यांचे पेव फुटते आणि त्यांतील बहुतेक वाक्यांना सभागृहाच्या कामकाजात कसलाही आधार नसतो. वृत्तपत्रासाठी नव्या बातमीदारांचा मजकूर तपासताना त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात, म्हणून त्या एकदा सविस्तर मांडत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आवाजी मतदानातून नावे काढणे. एका अधिवेशनाच्या वेळी एका तरुण बातमीदाराने, आपल्या जिल्ह्यातील आमदारांनी दुष्काळी मदतीच्या पुरवणी मागणीविरुद्ध मतदान केल्याची बातमी पाठवली आणि घाईघाईने ती समाजमाध्यमांवरही टाकली. ‘पोल, म्हणजे नावानिशी मतविभाजन, झाला होता का?’ असे मी विचारले, तेव्हा आमदारसाहेब भाषणात कडाडले आणि नंतर त्यांनी सभात्याग केला, एवढेच त्याच्याकडे सांगण्यासारखे होते. सभात्याग केलेल्या सदस्याचे मत होय किंवा नाही यांपैकी कशातच मोजले जात नाही, आणि ती मागणी तर आवाजी मतदानाने मंजूर झालेली होती, म्हणजे कोणाचेच नाव नोंदले गेलेले नव्हते. छापील अंकातून बातमी थांबवता आली, परंतु समाजमाध्यमांवरील मजकूर तोवर गावोगाव पोहोचला होता आणि ज्यांनी तो वाचला त्यांच्यापर्यंत खुलासा कधीच गेला नाही. पहिली बातमी आपलीच असावी या हव्यासाने एखाद्याच्या माथी न दिलेले मत मारणे मला अक्षम्य वाटते.

माझी सवय अशी आहे की त्या दिवसाच्या कामकाजात आधी मतविभाजन झाले का ते शोधायचे, आणि ते नसेल तर ‘मतदान केले’ हे क्रियापद कोणाही एका सदस्याला लावायचे नाही. लोकसभेत मतविभाजनाची मागणी मान्य झाली की लॉबी रिकामी केली जाते, साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि सदस्य आसनावरील हिरवे, लाल किंवा तटस्थतेसाठी पिवळे बटण दाबतात. त्यानंतर नावांची यादी कार्यवृत्तात येते. तीच खरी नोंद.

दुसरी चूक मतदान चुकीच्या टप्प्यावर शोधण्याची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन विधेयकात रक्कम किंवा तिचा उद्देश बदलणारी दुरुस्ती मांडताच येत नाही, त्यामुळे खरी झुंज आधी, अनुदानाच्या मागण्यांवर (खात्यांनी मागितलेल्या खर्चाच्या रकमांवर) आणि कपात सूचनांवर (त्या रकमा कमी करण्याच्या प्रस्तावांवर) होते. २७ एप्रिल २०१० रोजी इंधन दरवाढीवरून विरोधकांनी लोकसभेत मांडलेली कपात सूचना २८९ विरुद्ध २०१ मतांनी फेटाळली गेली. तेव्हा झारखंडचे मुख्यमंत्री असलेले खासदार शिबू सोरेन यांनी केंद्र सरकारच्या बाजूने मत दिले, राज्यात त्यांच्यासोबत असलेल्या भाजपने पाठिंबा काढला आणि मेअखेर सोरेन यांना राजीनामा द्यावा लागला. अंतिम विधेयकाची बातमी तेवढी वाचणाऱ्याला यातले काहीच कळले नसते. अर्थात, अनेकदा चर्चाच होत नाही, कारण ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या गिलोटीनखाली एकदम मताला टाकल्या जातात. १४ मार्च २०१८ आणि २३ मार्च २०२३ रोजी तर गदारोळात, चर्चेविना सगळ्याच मागण्या मंजूर झाल्या, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

कपात सूचनेच्या रकमेवरून टिंगल करू नये. मागणी शंभर रुपयांनी कमी करण्याची सूचना ही विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी असते आणि मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना म्हणजे त्या धोरणालाच नकार असतो.

आकड्यांची चूकही नित्याची आहे. २०१८-१९ चा अर्थसंकल्प २४.४२ लाख कोटी रुपयांचा होता, तर विनियोजन विधेयक ८९.२५ लाख कोटींचे होते, कारण त्यात जुन्या कर्जाच्या परतफेडीसह ढोबळ रकमा धरलेल्या असतात. त्यांतील व्याज, कर्जफेड आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन यांसारखा भारित खर्च सभागृहात मताला टाकलाच जात नाही. म्हणून राज्याचे पुस्तक असो वा केंद्राचे, मी ‘दत्तमत’ (मताला टाकलेला खर्च) आणि ‘भारित’ हे रकाने आधी वेगळे करतो आणि मगच पेन उचलतो.

राज्यसभेने अर्थसंकल्प ‘मंजूर केला’ असे लिहू नये. तिला मागण्यांवर मत नसते आणि विनियोजन विधेयकासारखे धन विधेयक चौदा दिवसांत परत पाठवावे लागते. महाराष्ट्रात विधान परिषदेची स्थितीही तीच आहे. लेखानुदान, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या काही काळाच्या खर्चाला दिलेली मंजुरी, हा पूर्ण अर्थसंकल्प नव्हे.

शेवटी, पक्षादेश (व्हिप) निघाला होता का हे पाहिल्याशिवाय सदस्याच्या मताला त्याची वैयक्तिक भूमिका म्हणू नये. राज्यघटनेच्या दहाव्या (पक्षांतरबंदीच्या) अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा किंवा पूर्वपरवानगीविना मतदानापासून दूर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ न केल्यास, अपात्र ठरू शकतो.