शाळेची बचत बँक कशी सुरू करावी?

प्राथमिक शाळेत बचत बँक चालवणे ही जुनी गोष्ट आहे. ‘संचयिका’ या नावाने ती अनेक शाळांत चालायची आणि १५ सप्टेंबर हा संचयिका दिन म्हणून पाळला जायचा. आजही एखाद्या जिल्हा परिषद शाळेला ती सहज सुरू करता येते. एकच पथ्य कडकपणे पाळायचे: मुलांची बचत आणि शाळेसाठी जमवलेला निधी कधीही एका डब्यात, एका वहीत, एका खात्यात येऊ द्यायचा नाही.

१. आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. मुलांच्या पैशांची जबाबदारी एकट्या गुरुजींवर राहू नये, म्हणून पालकांच्या सह्या हव्यातच.

२. भरण्याचा वार ठरवा. आठवडे बाजाराचा दुसरा दिवस उत्तम. बाजाराच्या दिवशी घरात मजुरीचे पैसे येतात, मुलांच्या हातात खाऊचे चार-पाच रुपये पडतात.

३. प्रत्येक मुलाला पासबुक द्या. चाळीस पानी वही दुमडून केलेलेही चालते. शाळेकडे वेगळी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही ठेवा. चौथीतली दोन मुले चिल्लर मोजतील, तिसरे लिहील, चौथे बेरीज तपासेल. जमा, नावे, शिल्लक हे शब्द फळ्यावर शिकवण्यापेक्षा इथे लवकर कळतात. शिक्षकांनी शेजारी बसावे, पेन मात्र मुलांच्या हातात असू द्यावे.

४. रोकड शाळेच्या कपाटात मुक्कामी ठेवू नका. मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष अशा दोघांच्या सहीच्या खात्यात ती त्याच आठवड्यात भरा. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. त्यासाठी किमान ५०० रुपये लागतात. शाळेत तेवढे साठले की त्याला पालकांसोबत पोस्टात पाठवा.

५. पैसे काढणे हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी तिथेच हात आखडता घेतला जातो. मागितल्यावर पैसे मिळतात हा अनुभव आला नाही, तर मुलाला बँकेवर विश्वास बसणार नाही. स्लिप मुलाने भरावी, पालकांनी सही करावी, पैसे त्याच आठवड्यात द्यावेत. कंपासपेटी घ्यायची की यात्रेत पाळण्यात बसायचे, हे त्याला ठरवू द्या. कोणी किती साठवले ते परिपाठात वाचून दाखवू नका. ज्याच्या घरी दोन रुपयेही सुटत नाहीत, त्या मुलाला तो अपमान वाटतो.

६. शाळेचा निधी वेगळ्या वाटेने जमवा. आधी वस्तू ठरवा: वाचनालयाची पुस्तके, पाण्याचे फिल्टर, खेळाचे साहित्य. मग बाल आनंद मेळावा भरवा. दहा रुपयांच्या भेळेच्या वीस प्लेटा विकल्या तर २०० रुपये येतात. सामानाला १२० लागले असतील तर नफा ८०. हा हिशोब मुलांकडूनच मांडून घ्या आणि एकूण रक्कम खर्चासकट दर्शनी फलकावर लावा. ग्रामस्थ आणि माजी विद्यार्थी शैक्षणिक उठावातून, म्हणजे लोकसहभागातून शाळेला मदत म्हणून वस्तूच देत असतील तर अधिक चांगले. प्रत्येक देणगीची पावती फाडा. वर्गणी पूर्ण ऐच्छिक ठेवा. पैसे दिले नाहीत म्हणून कुणाही मुलाला सहलीत किंवा स्नेहसंमेलनात मागे ठेवणे अक्षम्य आहे.

७. खाते बंद करण्याची तारीख आधीच ठरवा. शेवटच्या वर्गातल्या मुलांची शिल्लक दाखल्यासोबत, पालकांसमोर मोजून द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार त्याहून आधी करावा लागतो. दिवाळीच्या सुमारास गाडी निघण्यापूर्वी त्या मुलांना विचारा, पैसे सोबत हवेत की परत येईपर्यंत इथेच ठेवायचे. आणि उत्तर काहीही असले तरी पासबुकावर त्या दिवसाची शिल्लक लिहून, सही करून ते त्यांच्याकडेच द्या.