बालवाडीतल्या मुलांना घराची ओळख करून देताना या चुका टाळा

सर्रास होणारी चूक म्हणजे पणजोबांपासून सुरुवात. तीन-चार वर्षांच्या पोराला ‘पन्नास वर्षांपूर्वी’ आणि ‘परवा’ सारखंच; मागचं सगळं त्याच्या लेखी ‘काल’. म्हणून आधी ते स्वतः, मग आई-बाबा, मग आजी-आजोबा, आणि तिथंच थांबायचं. वर्षं मोजायला सोलापुरात गड्डा, म्हणजे दरवर्षीची सिद्धेश्वराची जत्रा, आहेच: “मागच्या गड्ड्याला तू कडेवर होतास, यंदा चालत गेलास.” हे त्याला लगेच कळतं.

“आजी, तुमच्या वेळी कसं होतं हो?” असं विचारलं की आजी भाषण देते आणि पोरगं उठून जातं. त्यापेक्षा हातात वस्तू द्या. चादर, मागावर आडवा धागा नेणारा धोटा, त्यातली सुताची रिकामी कांडी इथल्या कितीतरी घरांत सापडेल. धोट्याची दोन्ही टोकं धातूची आणि टोकदार असतात, तो मोठ्यांनीच धरावा. आजी विड्या वळत असेल तर सूप दाखवा; तंबाखू आणि कात्री आधी बाजूला काढा. मग एकच प्रश्न: “हे कसं चालवायचं?” पाच मिनिटं झाली की पुरे. फोनवर आवाज टिपणार असाल तर पंखा बंद करा आणि माग सुरू नसताना बसा, नाहीतर नुसता खडखडाट येतो.

मूल घरी ‘ताता’ किंवा ‘अज्जा’ म्हणत असेल तर वहीत तेच लिहा. ‘आजोबा म्हण’ असं दुरुस्त करणाऱ्या बाईंपुढे ते पुन्हा घरचं काही बोलत नाही.

मूल किती वाढलं हे दाखवायला भिंतीवर करतात त्या उंचीच्या खुणेत मात्र घोळच फार. दर महिन्याला मोजू नका. या वयात वर्षाला साधारण 6 ते 7 सेंमी वाढ होते, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा. तेवढी चूक मोजण्यातच होते, आणि एखाद्या महिन्यात खूण खाली आली की “मी लहान झालो” म्हणून रडारड. तीन महिन्यांनी, तेही सकाळीच मोजा. दिवसभरात उंची थोडी घटते. चप्पल आणि अंबाडा काढा. टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याचा खोका भिंतीला चिकटवून आडवा ठेवा आणि त्याच्या खालच्या कडेला रेघ मारा. नुसती पट्टी धरली की ती कलते. भिंत भाड्याची असेल तर लांब कागदाची पट्टी चिकटवा. घर बदललं तरी ती सोबत येते.

आकडे मुलाला कळत नाहीत, दोरा कळतो. जन्माच्या वेळची लांबी साधारण 50 सेंमी असते. दवाखान्याच्या कार्डावर नेमकी असेल तर तेवढा, नाहीतर 50 सेंमीचा दोरा कापा आणि आजच्या उंचीच्या दोऱ्याशेजारी ठेवा. जाड सुती घ्या, लोकर ताणली जाते. वर्गात सगळ्यांचे दोरे एका रांगेत टांगू नका, बुटक्या पोराची चेष्टा त्याच दिवशी सुरू होते. सहा महिन्यांत उंची हललीच नाही तर डॉक्टरांना दाखवा.

“आई-बाबांचा फोटो आणा” अशी चिठ्ठीही नको. प्रत्येक घरात दोघं असतातच असं नाही. “तुझ्या जवळच्या तीन माणसांचे फोटो” म्हणा, आणि तेही झेरॉक्स. मूळ फोटोला गोंद लावला की तो धडपणे परत निघत नाही.