शाळांचा गुणगौरव समारंभ: या चुका टाळा

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, की कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात गुणगौरव समारंभाची घाई सुरू होते. आधी केंद्रप्रमुख आणि नंतर विस्तार अधिकारी म्हणून मी अशा समारंभांच्या तयारीत वीसेक वर्षे काढली. वाडीवरच्या तेरा पटाच्या शाळेतली मुलगी शिष्यवृत्तीधारक होते, तेव्हा तिचे नाव सगळ्या तालुक्याने ऐकलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. परंतु त्याच त्याच चुका दरवर्षी नव्या उत्साहाने होताना पाहून आता कंटाळा आला आहे, म्हणून हे लिहीत आहे. नव्याने आयोजनाची जबाबदारी आलेल्या शिक्षकांना यातले काही बोचेल. बोचू द्यावे.

मुलाचे नाव चुकवणे

ही चूक मी पहिली घेते, कारण बाकी सगळे नीट होऊन हे एक चुकले, तर त्या मुलापुरता समारंभ वाया जातो. आपल्या हातात येणारी यादी बहुतेक वेळा रोमन लिपीतली असते. ती कोणीतरी संगणकावर मराठीत उतरवतो, आणि तो उतरवणारा बहुधा त्या गावचा नसतो. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, काना आहे की नाही हेही कळत नाही. मग खळे यांचे खाले होतात, दळवी यांचे दालवी होतात, तावडे यांचे तवाडे होतात.

एका वर्षी आमच्या यादीत आठवीतली एक मुलगी होती. आडनाव घाडी. प्रमाणपत्रावर छापले गेले ‘घडी’, आणि सूत्रसंचालकाने तेच मोठ्या आवाजात वाचले. सभागृहात हशा पिकला. मुलगी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर शेजारच्या मैत्रिणीने तिला ढकलले, तेव्हा ती मान खाली घालून मंचावर आली आणि प्रमाणपत्र घेऊन उतरली. तिचे वडील त्या दिवशी होडीवर गेले नव्हते, म्हणजे एका दिवसाची कमाई सोडून आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, प्रमाणपत्र हळूच समोर ठेवले आणि म्हणाले, “बाई, ह्यां आमच्या चेडवाचां नाय. दुसऱ्या कोणाचां तरी आसात.” ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटले होते की उपरोधाने म्हणाले, हे मला आजही ठरवता आलेले नाही. आठ दिवसांनी मी दुरुस्त प्रमाणपत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, प्रमाणपत्र मात्र न बघताच फळीवर ठेवले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक मुख्याध्यापकाकडून शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे प्रवेशाच्या मूळ वहीतल्या, नोंदीप्रमाणे मराठीत लिहिलेले नाव मागवायचे, आणि ते फोनवर एकदा त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. प्रमाणपत्रावर नावाची जागा मोकळी ठेवायची. समारंभाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मुलाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर नाव लिहायचे. त्या चिठ्ठीवरून सुवाच्य अक्षराच्या शिक्षकाने प्रमाणपत्र भरायचे आणि सूत्रसंचालकानेही तीच चिठ्ठी वाचायची. वडिलांचे नाव लावायचे की आईचे, हेही मुलालाच ठरवू द्यावे. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली मुले आता आपल्या शाळांत आहेत. त्यांची नावे अंदाजाने वाचण्यापेक्षा त्यांनाच एकदा विचारणे सोपे असते. चाळीस मुलांसाठी या सगळ्याला तासभर लागतो. तरुण शिक्षक मला सांगतात, की मेल मर्ज केले, म्हणजे संगणकालाच यादीतून नावे उचलून छापायला लावले, तर हेच काम चार मिनिटांत होते. होते, आणि यादी चुकीची असेल तर चार मिनिटांत चाळीस चुकाही होतात.

याच ओघात एक सूचना: नाव बॉलपेनने लिहावे. इंकजेट प्रिंटरची आणि जेल पेनची शाई आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल्या बोटानेही पसरते.

तात्पुरत्या निकालावर बॅनर लावणे

ही परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद आधी तात्पुरता निकाल जाहीर करते, शाळांकडून गुणपडताळणीचे अर्ज मागवते आणि त्यानंतर अंतिम निकाल व गुणवत्ता यादी लावते. पण एवढा धीर कोणाला असतो? तात्पुरत्या निकालातले तीनशेपैकी गुण एकमेकांना फोनवर विचारून ‘जिल्ह्यात तिसरा’ असे स्थान घरच्या घरी काढले जाते आणि दुसऱ्या दिवशी तिठ्यावर मुलाच्या छायाचित्रासह बॅनर लागतो. अंतिम यादीत तो मुलगा अकरावा आला, तर बॅनर लावणारे गप्प बसतात आणि चौकशांना उत्तरे त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला द्यावी लागतात.

दुसरा गोंधळ शब्दांचा आहे. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान चाळीस टक्के गुण मिळाले, की विद्यार्थी ‘पात्र’ ठरतो. ‘शिष्यवृत्तीधारक’ मात्र गुणवत्ता यादीत आलेलाच असतो. पात्र ठरणेही कौतुकाचेच आहे, आणि त्यासाठी त्याला शिष्यवृत्तीधारक म्हणण्याची काही गरज नाही. अंतिम यादी छापील हातात आल्याशिवाय मी एकाही मुलाचे नाव पत्रिकेत घालत नसे, त्यावरून मला ‘थंड बाई’ असे नाव पडले होते.

पाहुण्यांसाठी मुलांना ताटकळत ठेवणे

माझ्या मनात सर्वांत जास्त राग या चुकीबद्दल आहे. कार्यक्रमाची वेळ सकाळी अकराची होती. खाडीपलीकडच्या गावांतली मुले सातच्या एसटीने निघून साडेनऊलाच सभागृहात येऊन बसली होती. प्रमुख पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचे होते. ते पावणेदोनला आले. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, मंचावरच्या सतरा जणांचे स्वागत आणि प्रास्ताविक. त्या प्रास्ताविकात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या इथपासून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला इथपर्यंतचा सगळा इतिहास आला. ही माहिती मुलांना परीक्षेत उपयोगी पडेल. उपाशी पोटी सतरंजीवर बसून ऐकण्यासारखी ती नाही. त्यानंतर सहा भाषणे झाली, आणि विद्यार्थ्यांचा सत्कार पत्रिकेत सर्वांत शेवटी होता.

सव्वातीनची एसटी चुकली असती, तर पलीकडच्या मुलांना रात्रीची वस्तीची गाडी मिळाली असती. त्यामुळे त्यांचे पालक तीन वाजता मुलांना घेऊन मुकाट्याने उठले. साडेतीनला नावे पुकारायला सुरुवात झाली आणि एकामागून एक नऊ नावांना कोणी उठले नाही. मंचावरून कोणीतरी विनोद केला, की हुशार मुले अभ्यासाला पळाली वाटते. मी बाहेर येऊन रिक्षाने स्थानक गाठले. सव्वातीनची एसटी उशिराने का होईना, अजून सुटायची होती. खिडकीशी बसलेल्या एका मुलीच्या मांडीवर सकाळी नोंदणीच्या टेबलावर मिळालेले गुलाबाचे फूल होते, कोमेजलेले. प्रमाणपत्रांचा गठ्ठा मी हातात घेऊनच धावले होते. नऊ जणांना ती खिडकीतून दिली. त्या मुलांचा सत्कार असा झाला.

त्यानंतर मी समारंभाची वेळ ठरवण्याआधी एसटीचे वेळापत्रक समोर ठेवू लागले. आलेल्या मुलांचा सत्कार पहिल्या चाळीस मिनिटांत होतो, जो कोणी वेळेवर हजर असेल त्याच्या हस्ते होतो, आणि कोणीच नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते होतो. मग जेवण आणि त्यानंतर ज्यांना थांबायचे आहे त्यांच्यासाठी भाषणे. पाहुणे रागावतील अशी भीती सगळेच दाखवतात. माझ्या अनुभवात एकही अधिकारी रागावला नाही. रागावतात ती त्यांच्या मागेपुढे करणारी माणसे.

तारखेचेही असेच आहे. जुलैमध्ये लावणी चालू असते, त्यामुळे आईवडील येत नाहीत, आणि पत्र्याच्या छपराखाली पावसाची सर आली की माइकवरचेही ऐकू येत नाही. लावणी आटोपल्यानंतरचा आणि गणपतीच्या आधीचा एखादा शनिवार धरावा, तोही सकाळची शाळा सुटल्यावर, म्हणजे द्विशिक्षकी शाळा बंद ठेवून शिक्षकांना यावे लागणार नाही.

शाल आणि श्रीफळ

ज्यांच्या परड्यात वीस माड आहेत त्यांना नारळ देऊन आपण काय साधतो, हे मला कधी समजले नाही. शाल कोकणात वर्षातून पंधरा दिवस लागते आणि उरलेले दिवस कपाटात बुरशी धरते. प्लायवूडच्या सन्मानचिन्हाचेही पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. मुलाला पुस्तक द्यावे, चांगली छत्री द्यावी.

शिकवणाऱ्या शिक्षकाला विसरणे

परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल उन्हाळ्यानंतर पक्का होतो, आणि मधल्या काळात बदल्या झालेल्या असतात. ज्या बाईंनी वर्षभर शाळा सुटल्यावर तासभर थांबून बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेतली, त्या दुसऱ्या तालुक्यात हजर झालेल्या असतात. गुलाबपुष्प मिळते ते जूनमध्ये रुजू झालेल्या गुरुजींना. ते बिचारे संकोचून उभे राहतात. शाळेकडून नावे मागवतानाच ‘परीक्षेच्या वेळी वर्गशिक्षक कोण होते’ असा एक रकाना ठेवावा आणि बदली झालेल्यांना स्वतः फोन करावा. देशावरून येऊन आठ-दहा वर्षे इथल्या वाड्यांवर काढलेले आणि बदली होऊन परत गेलेले शिक्षक एवढ्यासाठी रात्रभर प्रवास करून आलेले मी पाहिले आहेत.

आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाला स्वतःच्या कामाचा प्रस्ताव स्वतःच सादर करावा लागतो. काही उत्तम शिक्षक तो आयुष्यात कधीच करत नाहीत. तालुक्याच्या समारंभाला तरी प्रस्तावाची अट नसावी, गावाला विचारावे. आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बोलवावे. बोलवावे म्हणजे जेवण वाढायला नव्हे, मंचावर.

कौतुक करून अर्ज विसरणे

आठवीच्या एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुदतीत अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. टाळ्या वाजवून झाल्या, मूल दुसऱ्या हायस्कूलला गेले, अर्ज भरायचा कोणी, हे कोणालाच माहीत नाही, असे होते. माझ्या समारंभात सभागृहाच्या दाराशी एक टेबल या कामासाठीच असे: बँक खाते मुलाच्या नावाने आहे का, ते आधारशी जोडले आहे का, एवढे तिथेच पाहून घ्यायचे.

आणखी काही

मुलाचे छायाचित्र, गुण आणि घरचा पत्ता एकत्र करून व्हॉट्सअपवर फिरवू नये. मंचाला उतार नसेल तर पाहुण्यांनी खाली उतरावे, दिव्यांग मुलाला उचलून वर नेऊ नये. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांच्या शेजारीच क्रीडा स्पर्धेतली आणि विज्ञान प्रदर्शनातली मुले बसवावीत. त्यांचा सत्कार ‘वेळ उरल्यास’ ठेवू नये.

निकालाच्या यादीत न आलेल्या मुलांचा विचार मात्र थोडा सावकाश करावा लागतो. आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे १९५८मध्ये ते भारतरत्न झाले, म्हणून ही गोष्ट आज भाषणात सांगितली जाते. त्या वर्षी मुरुडला कोणी त्यांचा सत्कार केला असता का, असा प्रश्न मला पडतो. म्हणून मी प्रत्येक शाळेकडून एक नाव असे मागवत असे, ज्याला कोणत्याही यादीचा आधार नाही: रोज होडीने खाडी ओलांडून वर्षभरात एकही दिवस न चुकलेला मुलगा, तिसरीपर्यंत अडखळणारी आणि आता धडा सलग वाचणारी मुलगी. मुख्याध्यापकांनी दोन ओळींत कारण लिहायचे. घाई करणारे मुख्याध्यापक इथे ‘हुशार व होतकरू’ असे लिहून पाठवतात. तो कागद मी परत करते.

समारंभ संपल्यावर उरलेली प्रमाणपत्रे मोजावीत. माझ्या आधीच्या कार्यालयातल्या कपाटात मला चार वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा सापडला होता, रबर लावलेला, रबर कागदाला चिकटलेले. त्यातली काही मुले तोपर्यंत मुंबईला कामाला लागली होती. उरलेले प्रमाणपत्र केंद्रप्रमुखाने आठ दिवसांच्या आत त्या शाळेत जाऊन परिपाठाच्या वेळी, सगळ्या मुलांसमोर, नाव नीट वाचून द्यावे.