जुनी सी5 घेताना: हायड्रॉलिक की कॉइल स्प्रिंग, कसं तपासायचं आणि काय बदलायचं

ब्रिटनमध्ये किंवा युरोपात जुनी सिट्रोएन सी5 बघायला गेलं की हा प्रश्न येतोच: तिचं सस्पेन्शन हायड्रॉलिक, म्हणजे ऑइल आणि वायूच्या दाबावर चालणारं आहे, की कॉइल स्प्रिंगचं? 2001 साली आलेली पहिल्या पिढीची सी5 सगळी हायड्रॉलिक. 2008 पासूनची दुसरी पिढी मात्र दोन्ही प्रकारांत विकली गेली: साध्या मॉडेलांना स्टीलच्या कॉइल स्प्रिंग, वरच्या मॉडेलांना हायड्रॅक्टिव्ह (सिट्रोएनचं हायड्रॉलिक सस्पेन्शन). गिअरजवळ गाडी वर-खाली करायची बटणं दिसली की हायड्रॉलिक समजायची.

हायड्रॉलिक म्हणजे खर्चाचं घर, असं धरून बरेच जण स्प्रिंगवाली घेतात. खर्च दोन्हीकडे आहे, फरक बिघडण्याच्या रीतीत आहे. स्प्रिंग न सांगता मोडते. हायड्रॉलिकचा गोळा (स्प्रिंगच्या जागी असलेला वायू-ऑइलचा पोलादी गोळा) बहुधा कित्येक महिने आधीपासून इशारा देत असतो, पण तो ओळखता यायला हवा.

स्प्रिंग का मोडते

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खड्ड्यात उडालेली खडी स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावरचा रंग उडवते, आणि स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे मीठमिश्रित पाणी आणि चिखल साचून राहतो. गंजाचा बारीक खड्डा पडतो, तिथून चीर सुरू होते आणि गाडी हलेल तशी वाढते. वजन कमी ठेवण्यासाठी आजच्या स्प्रिंगा उच्च ताकदीच्या पोलादाच्या, बारीक तारेच्या असतात. तारेवर ताण जास्त, म्हणून लहानसा गंजही पुरतो. बहुतेक वेळा खालच्या टोकाकडचा अर्धा-एक वेढा तुटतो. गाडी जेमतेम खाली बसते आणि मालकाला पत्ताच लागत नाही. खरा धोका तुटलेल्या टोकाचा: ते सरकून टायरच्या आतल्या बाजूला घासलं की चालत्या गाडीत टायर फाटू शकतो. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी नापास होते.

तपासायला टॉर्च आणि टेप पुरे. सपाट जागी उभ्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. एकाच अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्यात 10 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर संशय घ्या. मग स्टीअरिंग पूर्ण वळवून खालची वाटी नीट बघा. स्प्रिंगचं टोक मुळात छाटलेलं आणि रंगवलेलं असतं. तिथे तिरपा, खरबरीत, ताजा किंवा तांबूस काप दिसला तर तो तुटका भाग आहे. वजन असताना चीर मिटलेली राहते, म्हणून चाक जॅकवर उचलून पुन्हा बघा. मागच्या स्प्रिंगा विसरू नका, तिथे कोणी बघत नाही. जागेवर स्टीअरिंग फिरवताना तार सुटल्यासारखा "टण्ण" आवाज आला तर पुढची स्प्रिंग किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा एकत्र खांब) माथ्याचं बेअरिंग, दोघांपैकी एक गेलेलं असतं.

स्प्रिंग बदलताना

नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवी, दुसरीकडे दहा वर्षांची थकलेली, अशी गाडी तिरकी बसते. शिवाय उरलेली स्प्रिंगही तेवढंच मीठ खाल्लेली असते. चेसिस नंबर आणि स्प्रिंगवरच्या रंगीत खुणा जुळवूनच भाग मागवा. डिझेल-पेट्रोल आणि इस्टेट (लांब डिकीची)-सलून यांच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या असू शकतात.

गाडी जॅकवर नको, स्टँडवर ठेवा. चाक काढल्यावर लिंक रॉड (स्ट्रटला जोडलेली बारीक दांडी), ब्रेक होजचा क्लिप आणि एबीएसची वायर आधी मोकळी करा, नाहीतर स्ट्रट खाली येताना त्याच ताणल्या जातात. स्ट्रट बाहेर आला की स्प्रिंग कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराचे, दोन हात समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडून लावा आणि दोन्ही बाजू आळीपाळीने, प्रत्येकी दोन-दोन आटे फिरवत दाबा. इम्पॅक्ट गन इथे चालवू नका. तुटक्या स्प्रिंगला तर दुप्पट जपा: वेढे तिरके झालेले असतात, हात सरकतो, आणि सुटलेली स्प्रिंग हाड मोडते. स्प्रिंग वरच्या बशीतून हाताने हलू लागेपर्यंत स्ट्रटच्या माथ्यावरच्या मधल्या नटला पाना लावायचाच नाही. स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड ठेवून काम करू नका.

इतकं उघडलंच आहे तर माथ्याचं बेअरिंग आणि बम्प स्टॉपर (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर) नवे घाला. त्यांच्यासाठी हीच सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. नव्या स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलेलं हवं. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. शेवटी अलाइनमेंट.

हायड्रॉलिक बाजू

1955 च्या सिट्रोएन डीएस या गाडीपासून तत्त्व तेच आहे. प्रत्येक चाकाला एक पोलादी गोळा, त्यात एका पडद्याच्या वर नायट्रोजन आणि खाली ऑइल. नायट्रोजन स्प्रिंगचं काम करतो, गोळ्याच्या तोंडातली झडप शॉकअब्सॉर्बरचं. वायू दाबला जाईल तसा कडक होत जातो, आणि मागे चार बॅगा टाकल्या तरी गाडी ऑइल भरून आपली उंची परत घेते. कॉइल स्प्रिंगला हे जमत नाही. पहिल्या पिढीची सी5 ताशी 110 किमीच्या पुढे गेली की पुढून 15 आणि मागून 11 मिमी खाली बसते.

बीएक्स, झांशिया, एक्सएम या सिट्रोएनच्या जुन्या गाड्यांत ब्रेकही याच दाबावर चालतात. सी5 मध्ये ब्रेक वेगळे आहेत, आणि विकत घेताना ही मोठी जमेची बाजू आहे.

गोळा हळूहळू वायू गमावतो. गाडी अचानक बसत नाही, ती कडक होत जाते. इंजिन चालू ठेवून एकेक कोपरा दाबा: मऊपणे खाली जाऊन वर आला तर ठीक, दगडासारखा लागला तर गोळा गेला. मग डिकीच्या काठावर बसा. गाडी खाली जाऊन काही सेकंदांत परत उचलली पाहिजे. उठल्यावर वर जाऊन पुन्हा खाली आली पाहिजे. असं झालं नाही तर उंची ठरवणाऱ्या यंत्रणेकडे बघा. जुन्या गाड्यांत तिची काडी गंजून अडकते, सी5 मध्ये सेन्सर किंवा त्याचा दुवा. झांशिया किंवा बीएक्समध्ये इंजिन निष्क्रिय वेगावर ठेवून प्रेशर रेग्युलेटरची टकटक ऐका. दोन टिचक्यांत अर्ध्या मिनिटाहून जास्त अंतर असेल तर उत्तम. दहा सेकंदांच्या आत येत असतील तर अ‍ॅक्युम्युलेटरचा (दाब साठवून ठेवणारा) गोळा बदला.

झांशिया किंवा बीएक्सचा गोळा बदलायचं काम स्प्रिंगपेक्षा सोपं आहे. गाडी स्टँडवर, उंचीचा दांडा सर्वात खाली, इंजिन बंद. रेग्युलेटरवरचा 12 मिमीचा ब्लीड स्क्रू एक ते दीड आटाच सैल करा. पूर्ण काढलात तर आतली छोटी गोळी हरवते. फुसफुस थांबली की दाब उतरला. गोळा स्ट्रॅप किंवा चेनच्या पान्याने सैल करा, नवी सीलिंग रिंग त्याच ऑइलने ओली करून बसवा, आणि नवा गोळा फक्त हाताने आवळा. गोळ्यावरचा नंबर गाडीशी जुळला पाहिजे, कारण पुढच्या-मागच्या गोळ्यांचा दाब आणि झडप वेगळी असते. मग स्क्रू आवळून इंजिन सुरू करा, गाडी दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करून हवा काढा, आणि सर्वात वरच्या स्थितीत ऑइलची पातळी बघा. सी5 मध्ये असा हाताने सोडायचा स्क्रू शोधत बसू नका, दाब डायग्नोस्टिक मशीनने उतरवून घ्या. नुसत्या सस्पेन्शनच्या भरवशावर उंच उभ्या राहिलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

ऑइलच्या बाबतीत चूक परवडत नाही. झांशियापर्यंत हिरवं एलएचएम, सी5 ला नारिंगी एलडीएस. दोन्ही मिसळत नाहीत. हिरव्याच्या टाकीत ब्रेक ऑइल पडलं तर आतली सगळी सीलं फुगून निकामी होतात.

गोळ्यांपेक्षा मला भीती पाइपांची वाटते. मिठाच्या रस्त्यावर मागच्या भागातले पोलादी पाइप क्लिपच्या खाली गंजतात, आणि ते बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते. विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून मागचे पाइप बोटाने चाचपा, पापुद्रे सुटत असतील तर व्यवहार सोडा. झांशियात पुढच्या स्ट्रटच्या माथ्याचं रबर धातूपासून सुटलंय का, आणि मागची चाकं वरून आत झुकलीत का, हेही बघा. झुकली असतील तर मागच्या आर्मची बेअरिंग गेली आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी: 2021 मध्ये इथे आलेल्या सी5 एअरक्रॉसमध्ये हे गोळे नाहीत. तिच्यात नेहमीच्या कॉइल स्प्रिंगच आहेत, फक्त शॉकअब्सॉर्बरच्या टोकाला रबरी स्टॉपरऐवजी हायड्रॉलिक कुशन आहे. त्यामुळे तिला वर दिलेली स्प्रिंगची तपासणी लागू होते, आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी असेल तर पावसाळा संपला की वाट्यांमधला चिखल धुवून ती जरूर करून घ्या.