सोलापूरहून पशुपतिनाथाला निघताना : नेपाळच्या सीमेवर कुणाचा कोणता कागद चालतो

सोलापूरहून काशी-अयोध्येला निघणाऱ्या यात्रेच्या गाड्या बऱ्याचदा पुढे सुनौलीवरून नेपाळात जातात. बुकिंग करताना सगळेजण एकच कागद देतात : आधार कार्डाची झेरॉक्स. रेल्वेला आणि काशीतल्या लॉजला ती पुरते. नेपाळच्या सीमेवर मात्र 15 ते 65 वयाच्या माणसाचं आधार चालत नाही. पॅन कार्ड नाही, लायसन्सही नाही. व्हिसा लागत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ 'काहीच लागत नाही' असा काढून निघणारे सीमेवर अडकतात.

चालणारे कागद दोनच : मुदत न संपलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. दोन्हींपैकी एक पुरे. बाकीचे सगळे नियम ज्यांच्याकडे हे दोन्ही नाहीत त्यांच्यासाठीच्या सवलती आहेत.

आधी वयाची यादी करा

वहीत प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख लिहा. सीमा ओलांडायच्या दिवशी कुणाचं वय किती असेल, ते पुढे मांडा. त्यावरून चार गट पडतात.

15 वर्षांखालची मुलं आणि 65 च्या वरचे ज्येष्ठ यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची सक्ती नाही. वय आणि ओळख पटवणारा, फोटो असलेला कागद हवा. गृह मंत्रालयाने 2019 मध्ये या दोन गटांसाठी आधारही मान्य केलं. इथे चूक होते ती 'सीनियर सिटीझन' या शब्दामुळे. साठी झाली म्हणून सवलत मिळत नाही. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी जशी पासष्टी लागते, तसंच इथेही आहे. चौसष्ट वर्षं आठ महिन्यांच्या आजोबांना मतदार ओळखपत्र न्यावंच लागेल.

15 ते 18 मधल्या मुलांचा गट सगळ्यात अवघड, कारण त्यांना मतदार ओळखपत्र मिळूच शकत नाही. पासपोर्ट नसेल तर शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं, ठरलेल्या नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. साधं बोनाफाईड घेऊन मोकळे होऊ नका. नमुना सोबत नेऊन दाखवा, फोटो लावून घ्या आणि त्यावर शाळेचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा मारून घ्या. सहल मे महिन्यात असेल तर हे काम एप्रिलमध्येच उरका. सुट्टी लागली की शाळेत शिपाई भेटतो, सहीला मुख्याध्यापक भेटत नाहीत.

राहिले 18 ते 65 मधले. त्यांच्यासाठी वरचे दोनच कागद.

कुटुंबाची सवलत जपून वापरा

पती, पत्नी, अल्पवयीन मुलं आणि आईवडील एकत्र प्रवास करत असतील आणि त्यांतल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणाऱ्या दुसऱ्या पुराव्यावर जाता येतं : रेशन कार्ड, लायसन्स, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र. अडचण अशी की फोटो आणि नातं दोन्ही एकाच कागदावर क्वचितच सापडतं. रेशन कार्डावर नाती असतात पण प्रत्येकाचा फोटो नसतो. आधारवर फोटो असतो, पण बऱ्याच कार्डांवर आता वडील-पती न लिहिता नुसतं 'केअर ऑफ' येतं. म्हणून रेशन कार्डाची मूळ प्रत आणि प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र अशी जोडी न्या.

मेव्हणा, भावजय, भिशीतल्या मैत्रिणी या कुटुंबात मोडत नाहीत. आणि तपासणाऱ्यासमोर नातं सिद्ध करत बसण्यापेक्षा प्रत्येक प्रौढाचा स्वतःचा कागद असणं केव्हाही बरं. आमचा सल्ला असा की सवलतीच्या भरवशावर सहल आखू नका.

मतदार ओळखपत्र काढून नीट बघा

कार्ड हरवलं असेल, नाव चुकलं असेल किंवा पत्ता बदलला असेल, तर तिन्हींसाठी नमुना 8 भरायचा. यादीत नावच नसेल तर नमुना 6. दोन्ही अर्ज आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा बीएलओमार्फत (आपल्या मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी) भरता येतात. कार्ड पोस्टाने येतं, त्यामुळे निघण्याआधी दोन महिने तरी हातात ठेवा.

सोलापुरात नावांचा घोळ जरा जास्तच असतो. पूर्व भागातली तेलुगू आडनावं, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची कन्नड वळणाची नावं मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवली जातात, आणि दर वेळी लिहिणारा वेगळा असतो. यल्लप्पा एका कार्डावर एका 'एल'ने, दुसऱ्यावर दोन 'एल'ने. बायकांच्या बाबतीत मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं सर्रास दिसतं. सीमेवर एकच कागद दाखवून रस्त्याने जाणार असाल तर एखाद्या अक्षराने सहसा अडत नाही. विमानाने जाणार असाल तर मात्र तिकिटावरचं नाव दाखवायच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. तिकीट काढणाऱ्याला आधारची झेरॉक्स देऊ नका. जे कार्ड दाखवणार, त्याचीच द्या.

जुन्या कार्डावरचा फोटो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असतो. चेहरा ओळखू येत नसेल तर सोबत अलीकडचं दुसरं ओळखपत्र ठेवा. मूळ कार्डच न्या. फोनमधल्या प्रतीवर विसंबू नका : रोमिंग चालू नसेल तर सीमा ओलांडताच नेट बंद पडतं आणि डिजिलॉकर उघडत नाही.

पासपोर्ट काढायचा असेल तर सोलापूरच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात अर्ज देता येतो. आपला जिल्हा पुणे विभागीय कार्यालयाखाली येतो. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टचं साधं शुल्क 1500 रुपये आहे, तत्काळला 2000 जास्त. पोलिस पडताळणीचा वेळ धरून चला.

अमेरिकेतला मुलगा सोबत येणार असेल तर

परदेशी पासपोर्ट असलेल्याला, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) का असेना, नेपाळचा व्हिसा लागतो. तो सीमेवरही मिळतो : 15 दिवसांचे 30 डॉलर, 30 दिवसांचे 50. त्याआधी भारताच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का आणि व्हिसा मिळाल्यावर पलीकडे नेपाळचा प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. सुनौलीत बाकी कुटुंब चालत पुढे जातं आणि त्यांच्या नादाने हाही शिक्क्याविना जातो. मग परतताना किंवा काठमांडूहून विमान पकडताना खुलासे देत बसावं लागतं.

सीमेवर

गोरखपूरहून सुनौली साधारण 100 किलोमीटर आहे. आपल्या बाजूला एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे, जवान सामान आणि ओळखपत्र बघतात; पलीकडे नेपाळातलं बेलहिया. भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. पायी जाणाऱ्याला कधी कधी कुणी काहीच विचारत नाही, आणि मग 'कागद लागतच नाही' अशी बातमी गावभर होते. तीच माणसं येताना थांबवली जातात.

स्वतःची गाडी असेल तर पलीकडच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे कस्टममध्ये, दिवसाप्रमाणे शुल्क भरून पावती घ्यावी लागते. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी मूळ प्रतीत ठेवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्रही. पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा 56-57 वर्षं पुढची. मुदत कोणत्या दिवशी संपते, ते कारकुनाकडून आपल्या तारखेत लिहून घ्या. मुक्काम लांबला आणि मुदत उलटली की दंड.

पैसे 100 च्या नोटांमध्ये न्या. मोठ्या नोटांचे नियम मधेच बदलतात, 100 च्या नोटेला कुणी हरकत घेत नाही. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, हा दर ठरलेला आहे.

कागद हरवला तर

जवळच्या पोलिस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावास गाठा. तिथे परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. प्रत्येकाच्या कागदाची एक झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट साइज फोटो वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी मूळ कागद ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे देऊ नका.