नव्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पानं पिवळी का पडतात?

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये मासे आणि झाडं एकाच फिरत्या पाण्यावर वाढतात. म्हणून पान पिवळं दिसलं की आधी पाणी तपासा, खताचा विचार नंतर. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत जीवाणू अजून रुजलेले नसतात. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया याच जीवाणूंमुळे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतो, आणि झाडाला मुख्यतः हे नायट्रेट लागतं. म्हणून टेस्ट किटने एक दिवसाआड तिन्ही मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट १ पीपीएमच्या (लिटरमागे १ मिलीग्रॅम) वर गेलं तर खाद्य बंद करा, एक तृतीयांश पाणी बदला, हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. बदलायचं पाणी क्लोरीनमुक्तच हवं. नाहीतर मोठ्या मुश्किलीने वाढलेले जीवाणूच मरतात.

आता पान हातात घेऊन नीट बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार? ही लोहाची कमतरता. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७ च्या वर असेल तर पाण्यातलं लोह झाडाला नीट मिळत नाही. अशा वेळी डीटीपीए चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून डीटीपीए या रसायनाशी बांधलेलं, ११ टक्के लोह असलेलं) हजार लिटरला साधारण १८ ग्रॅम, बादलीत विरघळवून, टाका. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे. त्यांच्या कडा करपत असतील तर पोटॅशियम.

पीएच ६.४ ते ७ मध्ये राहू द्या. जीवाणूंच्या कामाने तो हळूहळू उतरतोच. तेव्हा पोटॅशियम बायकार्बोनेट थोडं थोडं घाला; एका दिवसात ०.२ पेक्षा जास्त चढवू नका, मासे सहन करत नाहीत.