फिकट की गडद? भिंतीचा रंग ठरवताना या चुका टाळा

फिकट रंगाने खोली मोठी दिसते आणि गडद रंगाने लहान, एवढ्याच ठोकताळ्यावर पुष्कळ घरांत रंग ठरतो. ठोकताळा खोटा नाही, पण तो भरपूर उजेडाच्या खोलीपुरताच खरा आहे. पांढऱ्याजवळची छटा अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकते, तर कोळशासारखी गर्द छटा १० टक्क्यांहूनही कमी. मात्र समोरच्या इमारतीने खिडकीच अडवली असेल, तर परत फेकायला उजेड नसल्यामुळे तीच ऑफ-व्हाइट भिंत मळकट दिसते आणि बोल रंगाऱ्याला लागतो.

दुसरी चूक शेड कार्डाची. बोटभर पट्टीवरचा रंग चार भिंतींवर चढला की एका भिंतीची झाक दुसरीवर पडते आणि तो अधिक भडक वाटतो. नमुन्याचा छोटा डबा आणून दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) ओले असताना फिकट दिसते म्हणून ते पूर्ण वाळू द्यावे, आणि मग तो पुठ्ठा खिडकीजवळ, आतल्या कोपऱ्यात व रात्री दिव्याखाली धरून पाहावा. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली निळसर राखाडी रंग मातकट होतो, हे दुकानात कळत नाही.

गडद रंग दोष झाकतो, हा समज मला महागात पडला. बटणांभोवतीचे हातांचे डाग त्याने झाकले खरे. पण पहिल्याच पावसाळ्यानंतर गर्द हिरव्या भिंतीवर खिडकीखाली पांढरा खार फुलला. शेजारच्या फिकट भिंतीवरही तो होता, फक्त हात फिरवल्यावर कळला. अशा वेळी वरून रंगाचा हात मारू नये; बाहेरची गळती बंद करून, भिंत सुकल्यावर कोरड्या ब्रशने खार झाडून मगच पुट्टी आणि प्रायमर लावावे.

गडद छटांच्या बेसमध्ये, म्हणजे दुकानदार ज्यात छटा मिसळून देतो त्या मूळ रंगात, झाकणारे पांढरे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे दोन हातांत खालचा रंग डोकावतो. राखाडी केलेले प्रायमर आणि तिसऱ्या हाताचा हिशेब आधीच धरावा, सगळे डबे एकदम घेऊन एकत्र ढवळावेत. नंतरचे ठिगळ गडद भिंतीवर हमखास उठून दिसते. तेव्हा डागापुरता ब्रश न फिरवता ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी.